भरतीच्या रेघेपासून पन्नास वार

"बंदर म्हंजे बोटी लागतात ती जागा ना? मग माजे अंगनान कंची बोट लागलीय, ती दाकव मना," सुंदराबाई कमरेवर हात ठेवून आमच्या साहेबांना विचारत होती. मी तिथे फक्त जबाब लिहून घ्यायला गेलो होतो, पण मनातून टाळ्या वाजवत होतो.

एप्रिल १९६० चे ते दिवस. एक मे ही तारीख ठरली होती आणि गिरगावात आमच्या चाळीत लोक आत्तापासूनच कंदिलांचे कागद आणत होते. छप्पन साली मी मोर्चात पाठीवर एक लाठी खाल्ली होती. तेवढ्या भांडवलावर, महाराष्ट्र जणू मीच आणला अशा थाटात मी बंदराच्या कचेरीत वावरत असे. त्या सकाळीही शिवडीपलीकडच्या या खाडीकाठच्या वस्तीत आल्या आल्या मी कोळ्यांना सांगून टाकलं होतं की पंधरा दिवसांत मुंबई आपली होतेय, मग तुम्हाला कोण हलवतो बघू.

आमचे हेडक्लार्क शामराव यांनी मला बाजूला घेतलं. "अच्युतराव, मुंबई तुमची. बंदर दिल्लीचंच राहणार. छोटी बंदरं राज्याकडे, मोठी केंद्राकडे. मुंबईचं बंदर छोटं आहे का?"

मला हे माहीत नव्हतं. चार वर्षं घसा फोडून घोषणा दिल्या आणि हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. कानशिलं तापली. पण त्यामुळेच मी पुढचं सगळं कान टवकारून ऐकलं.

सुंदराबाईच्या प्रश्नावर साहेबांनी पुस्तक उघडलं आणि कलम इंग्रजीत वाचलं. कोळ्यांना कळावं म्हणून मी मराठीत सांगायला लागलो. बंदर म्हणजे नुसत्या गोद्या आणि धक्के नव्हेत. सरकार हद्द जाहीर करील तिथवर बंदर. ती हद्द भरतीच्या रेघेपासून पन्नास वार जमिनीवर येऊ शकते. आणि भरतीची रेघ म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या नेहमीच्या उधाणाचं पाणी जास्तीत जास्त जिथे पोचतं ती. गेल्या आषाढात आमच्या माणसांनी त्या रेघेवर खुंटी ठोकली होती. तिच्यापासून पन्नास वारांत सुंदराबाईचं घर आणि बोंबील सुकवायच्या सगळ्या वलांड्या येत होत्या. आज चौकशी पुरी झाली की घर खाली करायची नोटीस निघणार होती.

"गेल्या आषाढान तुफान झालता," सुंदराबाई म्हणाली. "माजे चुलीन पानी शिरलं ते त्याच दिसाला. आदी कदी नाय, नंतर कदी नाय."

घर तिचं, म्हणजे ती असंच म्हणणार, असं साहेबांनी मला लिहायला सांगितलं. मग त्यांनी बुधाजींना पुढे बोलावलं.

बुधाजी आमचे साखळीवाले. जमीन मोजायच्या लोखंडी साखळीचं पुढचं टोक एकोणतीस वर्षं त्यांच्या हातात होतं. करी रोडला एका खोलीत राहणारे, पांढरी टोपी, पायात टायरच्या चपला, बोलणं मोजकं. मोजणी खात्यात त्यांच्या समाजातला माणूस आजवर मुकादम झाला नव्हता. ती जागा रिकामी होती आणि बुधाजींच्या नावाचा हुकूम टाइप होऊन सहीला गेला होता. शामरावांनी ही बातमी त्यांना त्याच सकाळी ट्रकमध्ये सांगितली होती. बुधाजी नुसते हसले होते, पण पुढे सगळा रस्ता त्यांचा हात सारखा टोपीकडे जात होता.

साहेबांनी विचारलं, खुंटी तूच ठोकलीस, नेहमीच्या उधाणाच्या रेघेवर, बरोबर? नुसतं हो म्हणायचं होतं. मी 'होय' लिहायला पेन टेकवलंसुद्धा.

बुधाजी माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, ते नेहमीचं काय म्हणालात, परत सांगा."

मी परत सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, खुंटीकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाले, "नाय साहेब. ती रेघ तुफानाची. बाई खरं बोलतेय."

साहेब तडकले. मग इतकी वर्षं काय मोजलं, असं त्यांनी विचारलं. बुधाजींनी शांतपणे सांगितलं की भरतीनंतर शेवाळ, शिंपले, करवंट्या जिथे अडकलेल्या दिसतील तिथे खुंटी मारायची, एवढंच त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. कायद्यात काय लिहिलंय ते साखळीवाल्याला आजवर कोणी वाचून दाखवलं नव्हतं. चूक माझीच, असंही ते म्हणाले, आणि ते वाक्य लिहून घ्यायला सांगितलं. मी लिहिलं. मोर्चात लाठी खातानासुद्धा मला इतका अभिमान वाटला नव्हता.

परतताना मी ट्रकमध्ये त्यांच्या शेजारी बसलो आणि न राहवून विचारलं, की मुकादमीचं ठाऊक असताना असं का केलंत?

"नागपूरला दीक्षा घेताना लाखो लोकांत उभा राहून बोललो, खोटं बोलणार नाय म्हणून," ते म्हणाले. "मग इथं सहा माणसांत कसं बोलू?"

अमावास्येच्या उधाणानंतर परत मोजणी झाली. बुधाजींनीच जुनी खुंटी उपटली आणि बासष्ट वार समुद्राकडे नवी ठोकली. दोन वलांड्या हद्दीत गेल्या, घर बाहेर राहिलं. सुंदराबाईने मासळीची एक टोपली ट्रकमध्ये ठेवली, ती शामरावांनी नियमावर बोट ठेवून खाली उतरवली. एक मेला मी शिवाजी पार्कवर गेलो. रोषणाई, फटाके, गुलालाने माखलेले चेहरे. घसा बसेपर्यंत ओरडलो आणि एका अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारून रडलो.

सोमवारी हुकूम लागला. मुकादम म्हणून दत्तारामचं नाव होतं. त्याला साखळी धरायला बुधाजींनीच शिकवलं होतं, आणि तो त्यांना दादा म्हणायचा. बुधाजींच्या सेवापुस्तकात चुकीच्या मोजणीचा शेरा पडला. मी शामरावांशी भांडलो, साहेबांच्या दारावर धडकलो. कोणी मला बसासुद्धा म्हटलं नाही.

मंगळवारी रे रोडच्या बाजूला मोजणी होती. बुधाजी साखळीचं टोक घेऊन पुढे गेले आणि उभे राहिले. साखळी ताणायची हाक द्यायची ती मुकादमाने. दत्ताराम तोंड उघडायचा, मिटायचा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी वही उघडली.

"मुकादम," बुधाजी पलीकडून म्हणाले, "हाक द्या. ऊन वाढतंय."

दत्तारामने हाक दिली. बुधाजींनी पाय रोवून साखळी ताणली, आणि मी पहिला आकडा लिहून घेतला.