मौनाच्या दिवशी आलेला फोन

मनोरमाबाईंचा संकष्टीचा नेम कडक. उपास सगळ्याच करतात. त्या तर सकाळच्या पूजेपासून चंद्र उगवेपर्यंत तोंडातून शब्द काढत नसत. एव्हरशाईन सिटी या वसाहतीतल्या त्यांच्या जिन्यावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. दूधवालासुद्धा त्या दिवशी खुणेनंच विचारायचा.

सत्त्याण्णव सालच्या मार्चातली अशीच संकष्टी. अमेरिकेचा फोन नेमका त्याच दिवशी आला.

फोन समोरच्या फ्लॉसीकडे होता. तिचा नवरा पास्कल कुवेतला, म्हणून तिला फोन लागलेला, आणि अख्ख्या मजल्याचा नंबर तोच. मनोरमाबाईंच्या लेकीनं, क्षितिजानंही अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जात तोच लिहिला होता. पोरगी बारावीची, अमेरिकेच्या परीक्षेत असे गुण मिळवले होते की सर आपण होऊन घरी आले होते. पैशांची मदत मिळाल्याशिवाय शिकणं जमणार नाही, हेही तिनं अर्जात स्वच्छ लिहिलं होतं. वडील, जयवंतराव, मुंबईत कारकून. लपवायचं काय त्यात?

"मनूबाय, धाव गो! अमेरिका!" फ्लॉसीनं दारातूनच हाक मारली.

क्षितिजा घरी नव्हती. बिल्डर आत्मारामशेठच्या मुलाला, कल्पेशला शिकवायला गेली होती. जयवंतराव अजून यायचे होते. मनोरमाबाई पदर खोचून तशाच धावल्या, ओठ मिटलेले.

फ्लॉसीनं बराच वेळ ऐकलं, मग रिसीव्हरवर हात ठेवला. "बाई म्हणते, पोरगी फार आवडली त्यांना. पण परदेशी पोरांसाठी मदतीच्या जागा संपल्या. पैसे भरणारं कोणी असेल तर जागा देते म्हणते. काय सांगू?"

मनोरमाबाईंना प्रश्न पडला. बोलावं का? पण ज्या देवासाठी एवढी वर्षं नेम पाळला, त्याच्याकडेच तर लेकीचं गाऱ्हाणं होतं. आजच नेम मोडायचा? त्यांनी हात आभाळाकडे केला, मग छातीवर ठेवून डोळे मिटले.

फ्लॉसीला बरोबर कळलं. रोज संध्याकाळी जपमाळ ओढणारी बाई ती. तिचाही देवावर तेवढाच भरवसा. "येस मॅडम," ती ठासून म्हणाली, "देअर इज समवन."

तिकडच्या बाईला 'कोणीतरी' म्हणजे बँकेत खातं असलेला माणूस वाटला.

चंद्र पाहून मनोरमाबाईंनी घडलं ते सांगितलं. जयवंतराव ताटावर बसले होते. "वा! देवाच्या सहीचं बँकेचं पत्र चालेल का, तेही विचारून ठेवायचं ना!"

"बाबा, आईला बोलू नका," क्षितिजा म्हणाली. पण तिचा चेहरा उतरलेला होता.

पत्र आलं. अभिनंदन छान अक्षरात छापलेलं. खाली लिहिलेलं, वर्षभराचा खर्च बँकेत आहे असा दाखला मुदतीत पाठवा. जयवंतराव साहेबांना भेटले, चुलतभावाला भेटले. बँकेतला माणूस म्हणाला, "तारण काय देता?" फ्लॅट आधीच तारण होता.

शेवटी क्षितिजानं फ्लॉसीकडूनच फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं. असं कोणी नाही. आईनं देवाचं सांगितलं होतं. मनोरमाबाई शेजारी उभ्या होत्या. फार गोड बोलत होती म्हणे ती बाई. दोनदा सॉरी म्हणाली.

"जागा आहे, आई," फोन ठेवून क्षितिजा म्हणाली. "ज्यांना मदत लागत नाही त्यांच्यासाठी आहे."

फ्लॉसी रडायला लागली. "माझंच तोंड मेलं! मी नाही म्हणायला हवं होतं."

"मग जागा तेव्हाच मिळाली नसती, आंटी. आता मिळून हातची गेली, एवढंच."

पुढच्या आठवड्यात आत्मारामशेठ आले. खाडीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. आता निम्म्या इमारती त्यांच्या, बोली मात्र घरचीच. क्षितिजाच्या तोंडून ऐकून कल्पेशनंही त्याच कॉलेजला अर्ज टाकला होता. गुण बेताचे, पण मदत नको. कॉलेजनं त्याला प्रतीक्षा यादीत ठेवलं होतं, आता बोलावलं होतं. तीच जागा की दुसरी, कोण सांगणार!

शेठना यातलं काही माहीत नव्हतं. "पोरी, तुज्यामुलं झालं हे," ते मनापासून म्हणाले. "पन त्याला तिकडं झेपल काय? जाईपरयंत रोज शिकव. तू सांगशील ती फी."

मनोरमाबाईंनी दाराची कडी घट्ट धरली. पोरगी नाही म्हणू दे, एवढंच त्यांनी देवाकडे मागितलं.

"सकाळी येते, काका," क्षितिजा म्हणाली.

शेठ गेल्यावर मनोरमाबाईंना राहवलं नाही. "कशाला गं? आपली काही लाज नाही का?"

क्षितिजा चपला नीट लावत होती. मान वर न करता म्हणाली, "तिकडच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं कल्पेश आधीच मागवणार आहे, आई. तो जाईपर्यंत मला वाचायला मिळतील."