तांबडीनं पिल्लं घेतली नाहीत

"वरनं घार यील म्हणून जाळी बांधली न्हवं तुम्ही? मग बसा आता वरच बघत," सिंधुबाई म्हणाली आणि खुराड्याच्या दारातली पिसं खराट्यानं एकीकडं लोटायला लागली.

भीमराव वाकून कुंपणाखालचं भोक बघत होता. रात्री कोल्हा येऊन गेला होता. वरच्या जाळीकडं त्यानं मान वर करूनसुद्धा बघितलं नसणार. कुंपणाखालची ओली माती उकरून, पोट घासत तो आत शिरला आणि तांबडी कोंबडीची झाडून सगळी पिल्लं संपवून गेला. तांबडी तेवढी आढ्याला उडाली म्हणून वाचली.

शेजारच्या डेरेकनं बजावलं होतं. "जाळी जमिनीत फूटभर गाड, भीम. इथं चोर खालून येतो." भीमरावानं मान हलवली होती आणि मनात म्हटलं होतं, हा गोरा मला कोंबड्या शिकवणार! फलटणकडच्या त्याच्या गावात पिल्लं न्यायची ती घार. ऊन चढलं की त्याची आई हातात काठी घेऊन अंगणात बसायची आणि आभाळात काळा ठिपका दिसला की ओरडायची. कोल्हा तिकडं उसात. घराकडं कुत्री त्याला फिरकू देत नसत. तेव्हा भीमरावानं खुराड्यावर जाळी ताणून बांधली, चिमणी शिरणार नाही अशी. खाली नुसती फळी.

इंग्लंडात रीडिंगच्या बाहेरची ही घरासकट अर्धा एकर जमीन त्यानं दोन वर्षांमागं घेतली होती. एअरपोर्टवर कार्गोत माल उचलून पाठ गेली, नोकरी सुटली, हातात आलेल्या पैशांतून त्यानं हे घेतलं. बापजाद्यांच्या नावावर कधी वीतभर जमीन नव्हती. सही करण्याआधी त्यानं कागद दोनदा वाचून घेतला. सिंधुबाईनं नुसती सही केली. तिचं सगळं लंडनला, जुन्या वस्तीत हाउन्सलोला होतं. बुद्धविहारातल्या बायका होत्या, दोन गल्ल्या पलीकडं लेक शैला होती, मुलगा विलास होता, दारात बस होती. इथं दिवसदिवस बोलायला माणूस नाही. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तशी ती इथं राहत होती.

वसंतात तांबडी खुडूक बसली, तेव्हा जरा फरक पडला. घरी कोंबडा नव्हता, म्हणून सिंधुबाई स्वतः डेरेककडं जाऊन उबवायची अंडी घेऊन आली. एकेक अंडं उजेडापुढं धरून बघितलं, मगच तांबडीखाली ठेवलं. सकाळचा चहा घ्यायच्या आधी ती खुराड्याकडं जायला लागली. पिल्लं निघाली त्या दिवशी शैलाशी फोनवर किती वेळ बोलत होती. भीमरावाला वाटलं, बाई रुजली एकदाची.

आता खराटा भिंतीला टेकवून ती म्हणाली, "विलास रविवारी गाडी घिऊन येणार हाय. मी जाते हाउन्सलोला."

"किती दिवस?"

"ऱ्हायला."

आवाजात राग नव्हता. पीठ संपलंय म्हणून सांगावं, तसं तिनं सांगितलं.

दोन दिवस तांबडी आवारात फिरत राहिली. दाणा टाकला की स्वतः खायची नाही. चोचीत उचलायची, खाली टाकायची, कुट्‌कुट् करून बोलवायची. शेवटी भीमराव डेरेककडं गेला आणि बुटांच्या खोक्यात सहा पिल्लं घेऊन आला, आदल्या दिवशी निघालेली. भरदुपारी त्यानं खोकं तांबडीपुढं उपडं केलं.

तांबडीनं मान वाकडी करून बघितलं. मग पुढच्या पिल्लाच्या डोक्यात चोच मारली.

सिंधुबाई पळत आली तोवर ते पिल्लू आडवं झालं होतं. तिनं बाकीची पदरात घेतली. "आवो, उजेडात पुढ्यात टाकत्यात व्हय परकी पिल्लं? दिस बुडल्यावर, तिला दिसंना झाल्यावर, हळूच पोटाखाली सरकवायची असत्यात!"

"मला काय म्हाईत? आमच्या आईनं कधी परकी घातली न्हाईत."

"तुमच्या आईला कशाला लागतील? तिच्या राखणीत पिल्लं कधी गेलीच न्हाईत." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "तांबडीनं घेतली तर ब्येस. ती त्यांचं बघंल, तुम्ही तिचं बघा. मी जायला मोकळी."

भीमरावानं त्यातलं 'तांबडीनं घेतली तर ब्येस' एवढंच मनात ठेवलं. पिल्लं जगली तर सिंधुबाई राहील, असा त्याचा हिशेब होता.

दिवस मावळल्यावर सिंधुबाईनं मागून हात घालून एकेक पिल्लू तांबडीच्या पोटाखाली सरकवलं. तांबडी हलली नाही. दोघं बराच वेळ दाराशी उभे होते.

सकाळी तांबडी वर आढ्याला बसली होती. पिल्लं खाली कोपऱ्यात एकमेकांवर चढून पडली होती. त्यातलं एक गार झालेलं. दार उघडल्यावर तांबडी उतरली, पिल्लांच्या अंगावरून गेली आणि गवतात किडे शोधायला लागली. बोलवणं बंद झालं होतं.

"झालं. मोकळी झाली ती," सिंधुबाई म्हणाली.

उरलेली चार तिनं स्वयंपाकघरात आणली. खोक्यात जुना स्वेटर घातला, रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळून मधोमध ठेवली. पिल्लं तिला चिकटली. पाणी निवलं की ओरडायची, भरलं की गप्प व्हायची.

रविवारी विलास आला. हाउन्सलोतच जन्मलेला, कामाची घाई घेऊनच फिरणारा.

"आई, तुझा बॅग कुठे आहे?"

"हाय की दाराशी."

"मग चल ना. नंतर मोटरवेवर ट्रॅफिक मॅड होतो. शैलानी तुझा रूम रेडी केलाय."

"पिशवी गार झाली की ही मरत्यात."

"सो? बाबा भरतील ना. इट्स जस्ट हॉट वॉटर, आई." तो बापाकडं वळला. "बाबा, तुम्ही कराल ना?"

सिंधुबाईनंही भीमरावाकडं बघितलं. वीस-बावीस वर्षं रात्रपाळी केलेला माणूस. तिची झोप मोडू नये म्हणून पहाटे स्वतःचा चहा स्वतः करून पिणारा, जेवण गरम करून घेणारा. किटली कुठं असते ते त्याला ठाऊक होतं.

भीमराव खोक्याकडं बघत राहिला.

"मला न्हाई जमायचं," तो म्हणाला.

विलास हसला. "काय बाबा! सीरियसली?"

"न्हाई जमायचं."

सिंधुबाई खुर्ची ओढून खोक्याजवळ बसली. "शैलाला सांग, ह्यांना पंख फुटंस्तवर न्हाई येत."

"आणि मग?"

"मगचं मग."

विलासनं एकदा आईकडं, एकदा बापाकडं बघितलं. खांदे उडवले, चहासुद्धा न घेता निघाला. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळल्याचा आवाज आला. खोक्यात पिल्लं ओरडायला लागली होती.

सिंधुबाईनं टॉवेल सोडला, गार झालेली पिशवी बाहेर काढली आणि नवऱ्यापुढं धरली.

"भरा. उकळतं नको."

भीमरावानं पिशवी घेतली. किटली लावली, उकळी फुटायच्या आत बंद केली, पाणी भरलं, मनगटाच्या आतल्या बाजूला पिशवी लावून बघितली, टॉवेलात घट्ट गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती खोक्यात ठेवली. पिल्लं गप्प झाली.