लवंगेचा वास

ऑर्विल टिब्सने खुर्ची भिंतीकडे वळवली आणि सॅक्सोफोनच्या कळांवर कोट टाकून वाजवायला सुरुवात केली.

“डीकन, भिंतीला ऐकवतोयस की काय?” मागून ज्युनियस पेटवे हसला. ऑर्विलचा चेहरा सदा गंभीर, म्हणून सगळा बँड त्याला डीकन, म्हणजे चर्चमधला सेवक, म्हणे.

“भिंतीला कान असले तरी बोटं नसतात.”

टोमणा ज्युनियसलाच होता. हा पोरगेला गडी गेल्या हिवाळ्यात तुल्साहून कॅन्सस सिटीत आला, बँडमध्ये दुसरा सॅक्सोफोन वाजवू लागला, आणि तेव्हापासून ऑर्विलचं मन थाऱ्यावर नव्हतं. ऑर्विलचा एकट्याचा तुकडा सुरू झाला की ज्युनियसची बोटं गुडघ्यावर हलायची. बँडच्या बसमध्ये डोळे मिटून पडला तरी हलायचीच. झोपलेल्या माणसाची बोटं कधी अशी हलतात? चोर आहे लेकाचा, दुसरं काय! आणि आता तर शिकागोला जाऊन तोच तुकडा असलेल्या गाण्याची रेकॉर्ड करायची होती. रेकॉर्डवर ज्याचा तुकडा, त्याचंच नाव गावोगाव होणार.

त्यातून ऑर्विलची दाढ किडलेली. फुंकताना कळ थेट डोक्यात जायची. गालात लवंग धरून तो दिवस काढत होता, पण बोलणार कुणाजवळ? बँडप्रमुख ग्रेडीला कळलं असतं तर तुकडा ज्युनियसलाच गेला असता.

शिकागोत तापलेल्या खोलीत दोन तबकड्या वाया गेल्या. एकदा ढोलकऱ्याची काठी निसटली, एकदा कुणीतरी शिंकलं.

“मेणाची ही शेवटचीच तबकडी उरलीय,” ग्रेडी म्हणाला. “काही झालं तरी थांबायचं नाही.”

लाल दिवा लागला, रेकॉर्डिंग सुरू झालं. ऑर्विल मायक्रोफोनपाशी गेला, तर ज्युनियस शेजारी येऊन उभा! त्याला तिथे काय काम होतं? पण आता ओरडणार तरी कसं? ऑर्विल वाजवू लागला. छान चाललं होतं. शेवटच्या ओळीवर दाढेत अशी कळ उठली, की ओठच सुटले.

सूर मात्र तुटला नाही. ज्युनियसने तो तिथेच उचलला, ऑर्विलच्याच ढंगात पुढे नेला आणि शेवटी अशी काही गिरकी घेऊन खाली आणला, की ग्रेडी खोलीभर नाचला.

“मारलास ना शेवटी डल्ला!” बाहेर येताच ऑर्विलने त्याची कॉलर धरली.

“रेकॉर्ड येऊ दे, डीकन. मग बोल.”

रेकॉर्ड आली. तुकडा कुणी पुरा केला हे बँडमधलं कुणी बाहेर बोललं नाही, ज्युनियस तर नाहीच. लोक ऑर्विलच्या पाठीवर थापा मारत होते. “डीकन, तो शेवट! वा!” नाचायला येणाऱ्या पोरी तोच शेवट गुणगुणायच्या. शनिवारच्या नाचात त्यांना तो तसाच्या तसा हवा होता, आणि ऑर्विलला तो येत नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

शनिवारी दुपारी तो ओडेसाबाईच्या खानावळीत गेला. समोर डुकराच्या भाजलेल्या बरगड्यांची थाळी निवत होती. ज्यूकबॉक्समध्ये पुन्हा पुन्हा नाणं टाकून तो तोच शेवट ऐकत होता, टेबलाखाली बोटं हलवत होता. कुठेतरी सारखं चुकत होतं. तेवढ्यात दारात ज्युनियस. ऑर्विलने हात खिशात घातले.

ज्युनियस समोर येऊन बसला.

“दाढ काढलीस?”

ऑर्विल चमकला. “तुला कुणी सांगितलं?”

“बसमध्ये मी तुझ्याच शेजारी असतो. लवंगेचा वास लपतो होय? तो यायला लागला तेव्हापासून तुझा तुकडा पाठ करत होतो. म्हटलं, ऐनवेळी तू अडलास तर?”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू खुर्ची फिरवलीस ना.”

ऑर्विलला थाळीवरून मान वर करवेना. ज्युनियस उठला, यंत्रात नाणं टाकून परत आला. शेवटची ओळ जवळ आली तशा त्याने बाह्या वर सारल्या, दोन्ही हात टेबलावर मधोमध ठेवले आणि बोटं सावकाश हलवायला लागला.

ऑर्विलने हात खिशातून बाहेर काढले.