तेच आकाश दुसऱ्यांदा

शाळा सुटली की मी धावत टेकडी चढते. वर बर्कलीच्या एका प्रयोगशाळेत, दोन कपाटांएवढ्या खोलीत, नोरीन कसपारियन परग्रहावरून येणारे संदेश शोधते. एकटी नाही हं! जगभरातले चार लाख लोक तिच्याबरोबर आहेत. त्यांचे घरचे संगणक रिकामे बसले की आमच्याकडून दुर्बिणीच्या नोंदींचा एक तुकडा घेतात, तपासतात आणि उत्तर परत पाठवतात. तेही आपखुशीने! आणि हा पसारा सांभाळायला माणसं किती? नोरीन, प्रोग्रामर ग्लेन आणि पत्रांना उत्तरं लिहिणारी मी.

मंगळवारी नॉर्वेच्या हाल्वोर नावाच्या निवृत्त पोस्टमास्तरांचं पत्र आलं. 'गेल्या महिन्यात तपासलेला तुकडा मला काल पुन्हा आला. तारीख, वेळ, आकाशातली जागा, सगळं तेच. असं कसं?'

एक तुकडा आम्ही दोघातिघांना देतोच, उत्तरं ताडून बघायला. पण एकाच माणसाला दोनदा? कधीच नाही. मी पत्र ग्लेनपुढे धरलं.

"पोस्टमास्तर ना, शिक्के तपासायची खोड जात नाही," तो हसला. मग यंत्रातली दुर्बिणीच्या नोंदींची टेप बघून त्याचा चेहराच उतरला. मध्यंतरी पोर्तो रिकोच्या दुर्बिणीकडच्या टेपा वादळात अडकल्या होत्या. संगणक रिकामे राहू नयेत म्हणून त्याने एका दिवसापुरती जुनी टेप चढवली होती. नव्या येऊन पडल्या, तरी जुनीच फिरत होती.

"अकरा दिवस," तो पुटपुटला.

"सगळ्यांना कळवायचं," नोरीन म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? फक्त एका म्हाताऱ्याला कळलंय! सांगितलंस तर लोक पळतील. मग आपल्याकडे काय उरेल? तीन खुर्च्या!"

"आणि लपवलेलं नंतर कळलं तर? मग खुर्च्याही विकाव्या लागतील."

तिने पानभर मजकूर लिहिला. मी वाचला आणि मला राहवेना. "नोरीन, ही माफी आहे की विम्याचा कागद?"

"मग तू लिही की, शहाणे!"

लिहिलंच मी! 'अकरा दिवस आम्ही तुमच्याकडून जुनंच आकाश पुन्हा तपासून घेतलं. चूक आमच्याकडून झाली. तुमचे श्रम वाया गेले, माफ करा.' नोरीनने एकच शब्द बदलला. 'आमच्याकडून' खोडून 'माझ्याकडून' केलं. ग्लेनचे कान लाल झाले.

बुधवारी सव्वीस हजार संगणक गळाले. गुरुवारी आणखी चार हजार. पत्रांचा नुसता पाऊस! 'माझा संगणक काय हौस म्हणून तापवला?' 'माझ्या मुलीला काय सांगू?' तुटक उत्तरं द्यायला मी बसणार, तर नोरीनने खुर्ची ओढून घेतली. "ही माझी." आणि ती एकेकाला, नावानिशी, लिहीत सुटली. शेजारी तिचा बुरिटो गार होऊन पडला होता. एवढी मोठी शास्त्रज्ञ, पण कुणाच्याही शिवीवर तिने नाक मुरडलं नाही. मोठं झाल्यावर मला असंच व्हायचंय, बस्स!

शुक्रवारी आकडा घसरायचा थांबला. तीन लाख सत्तर हजार.

"थांबले गं लोक," ती हळूच म्हणाली आणि चष्मा पुसला. मग पुढचं पत्र उघडलं. पहिल्याच ओळीत 'मूर्खांनो' होतं.

'प्रिय मित्रा,' तिने लिहायला घेतलं.