नावापुढची रेघ

“काढलेला स्तन कुठल्या लॅबमध्ये दिलात?” कोट्टायमच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर विलासिनींनी विचारलं.

कुरियाच्चन खुर्चीत सरसावून बसला. “लॅबमध्ये कशाला? आमच्या घराण्याच्या थडग्यात ठेवलाय. फादर आले होते, प्रार्थना झाली. सगळं रीतसर केलं.”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मरियाकुट्टी नवऱ्याकडे बघतच राहिली. म्हणे रीतसर! ती भुलीत पडलेली असताना गावाकडच्या सर्जनने तिच्या देहाचा तुकडा पिशवीत घातला, ‘पुरायचा असेल तर न्या’ म्हणाला आणि मोकळा झाला. ह्या शहाण्यानेही तो नेला. सासूने जमलेल्यांना कॉफी दिली. जन्मभर रबराच्या झाडांना खाचा पाडून चीक काढणाऱ्या बाईला, तुझं काय करू, असं विचारायची कोणाला गरजच वाटली नव्हती.

रोग कुठवर पसरला होता ते त्या तुकड्यावरून कळलं असतं, आता ते कळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या सर्जनबद्दल त्या जे बोलल्या ते ऐकून कुरियाच्चनची मान खाली गेली. नशीब एवढंच, की ऑपरेशनआधी सुईने काढून तपासायला पाठवलेला दोऱ्याएवढा नमुना इथल्याच लॅबमध्ये शिल्लक होता.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी त्याचा निकाल सांगितला. रोगाची जात वाईट होती, औषधं कडक लागणार होती. “पण गाठीत तुमच्या रक्तातल्या राखणदार पेशी दाटीवाटीने शिरल्यात,” त्या म्हणाल्या. “ज्यांच्या गाठीत त्या अशा शिरतात, त्या बायका बरेचदा तगतात. ही हमी नाही. पण तुमचं शरीर हरलेलं नाही, लढतंय.”

मरियाकुट्टीला ते चटकन पटलं. झाडाला खाच पाडली की चीक धावून येतो आणि जखमेवर थिजतो. ते तिने रोज पाहिलं होतं.

परतताना चर्चच्या फाट्यावर ती बसमधून उतरली. “मला ती जागा दाखवा,” म्हणाली. कुरियाच्चन टाळाटाळ करू लागला. ऊन आहे, घरी आई, अम्मच्ची, वाट बघत असेल. ती ऐकेना, तेव्हा तो मुकाट्याने मागून चालू लागला.

थडग्याच्या पाटीवर सासऱ्याच्या नावाखाली ताज्या काळ्या रंगात तिचं नाव होतं. त्यापुढे जन्मसाल, त्यापुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे मोकळी जागा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“रंगारी आलाच होता,” कुरियाच्चन पुटपुटला. “अम्मच्ची म्हणाली, पुन्हा कोण बोलावणार. कधी ना कधी सगळ्यांचीच पाळी येते की गं.”

“मग तुमचं का नाही लिहिलंत, इच्चाया?”

त्याने रुमाल काढून कपाळ पुसलं. लाज वाटायला हवी होती ह्या माणसांना. ती घरात भात शिजवत होती, औषधांनी केस गळतील म्हणून रडत होती, आणि त्यांनी तिचा शेवट कोरा ठेवून बाकीचा हिशेब उरकला होता. घर हाकेच्या अंतरावर होतं. ती गेली, सासूच्या समोरून कोनाड्यातली चिकाची सुरी घेऊन परत आली.

ऑपरेशन झालेल्या बाजूचा, उजवा हात वर जाईना. ती डाव्या हाताने खरवडू लागली. नाव गेलं, साल गेलं, काळा भुगा तिच्या साडीवर पडत राहिला. मग डावा हातही भरून आला. रेघ तेवढी उरली.

तिने सुरी नवऱ्यापुढे धरली.

“ती तुम्ही काढा.”

कुरियाच्चनने इकडेतिकडे पाहिलं. कुंपणाशी चर्चची झाडलोट करणारी बाई उभी होती. त्याने सुरी घेतली, पाटीसमोर गुडघे टेकले आणि हळूहळू खरवडायला सुरुवात केली. रेघ पुरती जाईपर्यंत मरियाकुट्टी त्याच्या डोक्यावर उभी होती.