सोळाचा फरक

"परत मार," वल्लरी मॅडम म्हणाल्या.

मी परत मारला. लेझर सुरू झाला की आमच्या यंत्रातून बारीक टकटक ऐकू येते. ती संपली आणि पडद्यावर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उभ्या राहिल्या. प्रत्येक मोठ्या दाताशेजारी एक छोटा दात होता, सोळाने जड. सकाळपासून चौथ्यांदा तेच. कोमल दारात उभी होती, पण तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

आंबीला आमची कंपनी आहे. ऑपरेशननंतर जे टाके घालतात, त्यातल्या शरीरात आपोआप विरघळणाऱ्या धाग्याचा कच्चा माल आम्ही बनवतो. हा माल म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लांबच लांब साखळ्या. एका पोलादी प्लेटवर मालाचा थेंब टाकायचा, वाळवायचा, प्लेट यंत्रात सरकवायची आणि त्या थेंबावर लेझर मारायचा. साखळ्या उडतात आणि नळीतून पळत सुटतात. हलकी आधी पोचते, जड मागून येते, आणि वेळेवरून वजन कळतं. त्या वजनातून मधल्या कड्या वजा केल्या की उरतं ते दोन टोकांचं वजन. टोक बिघडलं तर धागा वेळेआधी विरघळतो. म्हणून आमच्याकडे टोकांची बडदास्त जावयासारखी असते.

ही खेप कोमलने एकटीने केलेली पहिली खेप होती. पोरगी उर्शाची. घरची भातशेती, घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली तीच. आमच्याकडे सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती आणि ते सहा महिने या आठवड्यात संपत होते. दुपारी चारला मीटिंग होती. तोवर ती छोट्या दातांची दुसरी रांग नाहीशी झाली नाही, तर खेप भट्टीत जाणार होती आणि कोमल घरी.

ऑक्सिजनचं वजन सोळा, हे नववीच्या पोरालाही माहीत असतं. भांड्यात हवा शिरली आणि टोकांना ऑक्सिजन चिकटला, असा सरळ अर्थ निघत होता. कोमलचं म्हणणं, झडप तिने दोनदा तपासली होती. मॅडमनी मला विचारलं, पोटॅशियममुळेही असाच फरक दिसतो, त्याची काही भानगड नाही ना? मी ज्येष्ठ माणसाच्या गांभीर्याने मान हलवली आणि सांगितलं, आपला ओळखीचा, पक्क्या वजनाचा नमुना मी सकाळीच मारून बघितलाय, त्यात एकच रांग आहे, यंत्र स्वच्छ आहे. या वाक्याची लाज मला पुढे पुरून उरली.

इतक्यात लीलाबाई धुतलेल्या काचेच्या नळ्यांचा ट्रे घेऊन आल्या. लीलाबाई आमच्याकडे धुण्याचं काम करतात. अठरा वर्षं झाली. घर आंबीतच, कंपनीपासून चालत पंधरा मिनिटं. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि ते त्या रोज कुणाला ना कुणाला सांगत. भांडं लखलखीत निघालं नाही तर त्यांना जेवण जात नाही. एकदा एका साहेबांनी चंचुपात्र उजेडात धरून डाग शोधायचा प्रयत्न केला, तर बाई म्हणाल्या, तुमच्या चष्म्यावर हाय तो. आणि खरंच चष्म्यावर होता. तेव्हापासून त्यांची भांडी कुणी तपासत नाही.

त्यांनी कोमलचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते विचारलं. आम्ही दोघं विद्वान पडद्याला डोळे लावून बसलो होतो. कोमलच मग त्यांना हलक्या आवाजात सांगू लागली. देवाला आपण फुलांची माळ ओवतो ना मावशी, तिच्या दोन्ही टोकांना गाठ असते. ही गाठ बरोबर आहे का, तेच हे यंत्र सांगतं. आता त्या गाठीला काहीतरी जास्तीचं चिकटलेलं दिसतंय. ऑक्सिजन असेल तर चूक माझी.

"आन् दुसरं काय असंल तर?" लीलाबाईंनी विचारलं.

"पोटॅशियम असू शकतं. पण ते कुठून येणार इथं?"

"ते कुटं असतं?"

"खतात असतं, केळ्यात असतं. राखेत तर लय असतं, म्हणून तर आपण वाफ्यात राख टाकतो."

 लीलाबाईंनी ट्रे खाली ठेवला. नळ्या एकमेकींवर किणकिणल्या. त्यांच्या हातून काच कधी वाजत नाही, म्हणून मी मागे वळून पाहिलं. त्या पदराला हात पुसत होत्या, आणि हात तर कोरडेच होते.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ती पलेट म्या राखंनं घासलीय."

आणि कुणी काही विचारायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं. प्लेटवर पिवळे डाग पडले होते, ते नुसत्या बुडवण्याने जाईनात. परवा मोठे साहेब येणार म्हणून सगळं चकचकीत हवं असं त्यांनी ऐकलं होतं. घरून बाभळीची राख आणली, फडक्यातून गाळून घेतली, ओरखडा उठू नये म्हणून मऊ सुती चिंधीने घासली. पितळेची समई जशी घासतात तशी. मग पाण्याने धुतली. एकदाच.

"मला काडून टाकायचं तर टाका," लीलाबाई म्हणाल्या. "आठ म्हयनं काय, आज बी चालंल. पर पोरीनं काय बी केल्यालं न्हाई."

खरं सांगतो, मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मला माझ्या कुठल्याही साहेबाबद्दल कधी वाटलेलं नाही. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "प्रदीप, ओळखीचा नमुना तू कुठल्या प्लेटवर मारलास?"

आता सांगणं भागच होतं. आमच्याकडे प्लेटा दोन. जुन्या प्लेटवर ओळखीच्या नमुन्याचा थेंब मी दोन महिन्यांपूर्वी टाकून ठेवला होता आणि रोज त्यावरच मारत होतो. कोमलचा माल होता दुसऱ्या प्लेटवर, लीलाबाईंनी उजळलेल्या. रोज नवा थेंब टाकायचा नियम आहे, तपासायचा माल असेल त्याच प्लेटवर. मी तो माझ्या सोयीने मोडला होता आणि वर यंत्र स्वच्छ असल्याचं प्रमाणपत्र दिलं होतं. प्लेट का घासायची नाही, हेही बाईंना मी कधी सांगितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी यंत्र आलं तेव्हा जाता जाता म्हटलं होतं, बुडवा आणि काढा. कशासाठी, ते त्यांनाही समजेल हे मला सुचलंच नव्हतं.

गणित अगदी सोपं होतं. साखळी एकटी उडत नाही, सोडियमचा एक कण कडेवर घेऊन उडते. तो आम्हीच घालतो. पण शेजारी पोटॅशियम दिसलं की काही साखळ्या त्यालाच उचलतात. सोडियम तेवीस, पोटॅशियम एकोणचाळीस. फरक सोळा.

"हे सगळं ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, "पण चार वाजता मला पुरावा दाखवावा लागेल. लीलाबाई, राख शिल्लक आहे?"

पावणेबारा वाजले होते. मी स्कूटर काढली आणि लीलाबाई मागे बसल्या. रस्त्यात त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या. खरंच काढतील का, आणि पोरीचं काय होईल. मी खड्डे चुकवत राहिलो. घरी त्यांचे यजमान गेणूभाऊ ओट्यावर लसूण सोलत बसले होते. बाई या वेळेला घरी, तेही कंपनीच्या माणसाबरोबर, म्हणताना ते घाबरून उठलेच. लीलाबाईंनी राखेचा डबा काढला आणि सांगितलं, कंपनीनं राख मागवलीय. गेणूभाऊंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की कंपनी बुडालीच म्हणायची.

आल्यावर मॅडमनी दोन्ही प्लेटा धुवायला दिल्या. पहिली लीलाबाईंनी त्यांच्या पद्धतीने घासली, राख, चिंधी आणि एकदाच पाणी. दुसरी नियमाप्रमाणे, द्रावणात बुडवून, तीन वेळा, आणि हा नियम कशासाठी आहे ते कोमलने त्यांना प्रत्येक वेळी समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळी बाईंनीच तिला समजावून सांगितलं. मग दोन्हींवर कोमलच्या मालाचे थेंब पडले, शेजारी ओळखीच्या नमुन्याचे नवे थेंब. वाळेपर्यंत कुणी जेवायला गेलं नाही.

आधी राखेची प्लेट गेली. टकटक झाली आणि दोन रांगा उभ्या राहिल्या. नुसत्या कोमलच्या मालात नाही, ओळखीच्या नमुन्यातही. इतक्या ठसठशीत दुसऱ्या रांगेकडे मी याआधी कधी इतक्या आनंदाने पाहिलं नव्हतं. मॅडम चक्क हसल्या. त्या हसतात हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं.

मग दुसरी प्लेट आत सरकली. मी बटणाकडे हात नेला, तर मॅडमनी मला उठायला सांगितलं आणि खुर्ची लीलाबाईंपुढे केली. बाई मागे सरल्या. त्या खोलीत त्या कधी बसल्या नव्हत्या. रोज फरशी पुसताना ती खुर्ची त्यांनी नुसती इकडून तिकडे केली होती. कोमलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या आणि बोटाच्या टोकाने बटण दाबलं.

कोमलच्या मालात रांग एकच आली. सरळ, एकसारखी, शेजारी कुणी नाही.

"ह्ये बराबर हाय का?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे, मावशी," कोमल म्हणाली.

लीलाबाई पडद्याकडे वाकल्या. "आमी धुतो ते ह्याच्यासाठी व्हय?" त्या म्हणाल्या. "आदी सांगायचं न्हाई का."

चारच्या मीटिंगला मॅडम दोन्ही प्लेटांचे कागद घेऊन गेल्या आणि वीस मिनिटांत परतल्या. खेप राहिली, कोमल राहिली. लीलाबाईंचा विषय निघाला तेव्हा मॅडमनी माझं नाव पुढे केलं म्हणे, आणि ते अगदी रास्त होतं. लेखी समज मला मिळाली, लीलाबाईंना नाही. तोवर पॅकिंगमधल्या बाया बातमी ऐकून दारात जमल्या होत्या आणि लीलाबाई खुर्चीत आता पूर्ण मागे टेकून, पडद्याकडे बोट करून, प्रत्येकीला गाठ म्हणजे काय ते सांगत होत्या.

चहा आला. त्यांचा कप मी खुर्चीपाशी नेऊन दिला, आणि सगळ्यांचा पिऊन झाल्यावर कप गोळा करून बेसिनवर मीच विसळले. लीलाबाई उठून मागे आल्या, कप एकेक उजेडात धरून पाहिले आणि त्यातले दोन मला परत धुवायला लावले.