पाच वाजताची पाटी

मी एक जुनी प्लायवूडची पाटी आहे, मित्रांनो. मला कुणी दुकानावर टांगलं नाही, की शाळेत माझ्यावर अक्षरं गिरवली नाहीत. मी टीव्हीवर दिसायचे! रोज संध्याकाळी पाच वाजता, ठाण्याजवळच्या बाळकुमच्या घराघरांत, मोजून दहा सेकंद.

गोष्ट १९९२ सालची. कुंडलिक हा बाळकुमच्या कोळीवाड्यातला तरुण. त्याचे वडील खाडीत जाळं टाकायचे. याने गच्च्यांवरून केबलची वायर टाकली. एका खोलीत दोन व्हीसीआर, एक कॅमेरा आणि एक छोटा टीव्ही मांडून त्याचा कारभार चाले. मुलांसाठी रोज पाच वाजता अर्धा तास कार्टून लावायचं त्याने ठरवलं. वाहिनीचं नावही ठरलं, ‘खंड्या’. खाडीवरच्या त्या निळ्या पक्ष्याला तिथली सगळी पोरं ओळखत होती.

कार्टूनच्या आधी दाखवायचं नावाचं चित्र काढून घ्यायला तो शुभदाबाईंकडे गेला. बाई ठाण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि बाळकुमच्या नव्या इमारतीत राहायच्या. त्यांनी आठ दिवस खपून मला रंगवलं. एका टोकाला ‘खंड्या’ ही अक्षरं, दुसऱ्या टोकाला चोचीत मासा धरलेला पक्षी. मी तेव्हा दुकानाच्या पाटीसारखी लांबलचक होते आणि मनातून भारी खूश होते.

पण कॅमेऱ्यासमोर ठेवल्यावर माझी फजिती झाली. कॅमेरा जवळ आणला की पक्षी बाहेर जाई, लांब नेला की मी काडीएवढी दिसे.

“चूक माझीच आहे,” बाई म्हणाल्या. “टीव्हीचा पडदा चार वीत रुंद असेल, तर तीन वीत उंच असतो. मी आधी मोजायला हवं होतं.”

त्यांनी मला सुताराकडे नेलं. करवत चालली तेव्हा जीव कळवळला. पण पुन्हा रंगून त्या छोट्या टीव्हीत मी दिसले, तेव्हा सगळं दुखणं विसरले. पडदा मी काठोकाठ भरला होता.

दुसऱ्याच दिवशी, बाई कुंडलिकच्या खोलीत असतानाच, सगुणा कोळीण दारात उभी राहिली. तिची सहा वर्षांची लेक जनी पदराला धरून होती.

“कुंडलिक, आमचे टीवीन खंड्याला चोचच नाय! पोर इचारते, बिनचोचीचा खंड्या मासली खातो कसा?”

कुंडलिक हसला, पण बाई हसल्या नाहीत. मला काखोटीला मारून त्या थेट सगुणाच्या घरी गेल्या. तिचा टीव्ही जुना होता. काच फुगीर, कोपरे गोल, आणि चारही बाजूंनी तो कुठल्याही चित्राच्या कडा गिळत होता. बाईंनी पेन्सिल काढून माझ्यावर आत एक चौकट आखली आणि सगळं चित्र त्या चौकटीत नव्याने रंगवलं. भोवती नुसतं निळं पाणी सोडलं. त्या संध्याकाळी जनीने टाळ्या पिटल्याचं सगुणा स्वतः सांगून गेली.

मग माझे चांगले दिवस आले. पोरं रस्त्यात बाईंना ‘खंड्याबाई’ म्हणू लागली. दर दोन-तीन महिन्यांनी बाई ब्रश घेऊन येत आणि माझे उडालेले रंग भरून जात.

अशी चार वर्षं गेली. तोवर दिवसभर कार्टून दाखवणाऱ्या मोठ्या वाहिन्या आल्या होत्या. त्यांची नावं चकचकीत, रंग डोळे दिपवणारे. पोरं तिकडे वळली. कुंडलिक धास्तावला. त्याने मुंबईच्या एका माणसाकडून कॉम्प्युटरवर नवं चित्र करून घेतलं. नावही बदललं, ‘पिंगोलिनो’. सोनेरी अक्षरं गरगर फिरत यायची आणि शेजारी एक टोपीवाला मुलगा नाचायचा.

बाईंना मात्र कुणीच काही सांगितलं नाही. त्या नेहमीसारख्या ब्रश घेऊन आल्या, तेव्हा मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होते.

“बाई, ते... जमाना बदलला ना आता,” कुंडलिक चाचरत म्हणाला. “सांगणारच होतो तुम्हाला.”

“हो का?” बाई म्हणाल्या. “मग ही मी घरी नेते. इथे अडचणच होईल.”

 वाटेत माझ्या कडेवर त्यांची बोटं घट्ट रुतली होती.

तीन दिवसांत बाळकुमभर ओरड सुरू झाली. नवं चित्र सिनेमासारखं रुंद केलेलं होतं, ते टीव्हीत कोंबलं होतं. त्यामुळे टोपीवाला मुलगा शेवग्याच्या शेंगेसारखा लांबुडका दिसे. जुन्या टीव्हींवर तर नावाची दोन्ही टोकं कापली जात. लोकांना वाटलं, वायरच खराब आहे. कुंडलिक भर उन्हात गच्च्या पालथ्या घालत होता. दोन इमारतींनी तर दुसऱ्या केबलवाल्याला बोलावलंही होतं.

बाईंचे यजमान हरिहरराव पेपर बाजूला ठेवत म्हणाले, “बदलताना विचारलं नाही ना तुला? मग निस्तरू दे त्याचं त्याला.”

 बाई उठल्या, चपला घातल्या आणि मला उचललं.

खोलीत कुंडलिक डोकं धरून बसला होता. बाईंनी साबणाची वडी मागितली. माझ्या रंगाखालून अजून दिसणारी पेन्सिलची चौकट पाहून त्यांनी त्याच प्रमाणात टीव्हीच्या काचेवर साबणाने चौकट ओढली.

“वायर नको तपासू, कुंडलिक. त्या माणसाला सांग, अक्षरं या रेघेच्या आत थांबव. आणि पोराला चार-तीनच्या मापात नव्याने काढ, दाबून बसवू नको.”

कुंडलिकची मान खाली गेली. “बाई, मी चुकलो. उद्यापासून आपला खंड्याच लावू परत.”

मित्रांनो, मी कान टवकारले! पण बाई म्हणाल्या, “नको रे. मुलांना फिरणारी अक्षरं आवडली आहेत. खरं सांगू, मलाही आवडली. फक्त सगळ्यांना पूर्ण दिसू देत.”

मी मनातून खचले. बाईंचा आवाज मात्र स्वच्छ होता, रुसवा त्यात नावालाही नव्हता. चित्र दुरुस्त होऊन आलं आणि तक्रारी थांबल्या. कुंडलिक पेढे घेऊन घरी आला आणि बाईंच्या पाया पडला. त्यानंतर वाहिनीवर काहीही नवं करायचं झालं, की तो आधी बाईंना विचारू लागला.

आता मी बाईंच्याच घरी असते. दर रविवारी त्यांच्याकडे मुलं चित्रं काढायला येतात. मला मांडीवर घेऊन माझ्या मागच्या कोऱ्या बाजूवर कागद लावतात. कुणाचा हिरवा रंग सांडतो, कुणाची पेन्सिल कागद फाडून मला टोचते.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुनं काढण्याआधी ते ज्याने केलं, त्याच्या घरी एकदा जा, समोर बसा आणि सांगा. आणि रविवारी आलात, तर मला हाताळताना जरा जपा. तुम्हाला वाटतं ही कोरी बाजू आहे. पण माझ्या पाठीवर आता मुलांच्या रंगांचं एक नवं चित्रच झालं आहे, आणि बाई ते पुसू देत नाहीत.